एएफपीचा रिपोर्ट हातात आला की आधी वही काढा

आमच्या काकांना हेपॅटायटिस बी आहे, बरीच वर्षं झाली, त्यात सिरोसिस, म्हणजे लिव्हरवर वण पडून ते कडक झालंय. राहतात खानापूर साईडला, आणि दर सहा महिन्याला त्यांना बेळगावला आणून सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हर कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ताची टेस्ट) करून घ्यायचं काम माझ्याकडं आलंय. त्यातनं जे शिकलो तेवढं लिहूलालोय, घरात कुणाला हेपॅटायटिस बी नाहीतर सी असेल तर उपयोगी पडंल.

पहिलं म्हणजे एक वही करा. फाईल नको ओ, फाईलीत कागद वरखाली होतात. तारीख, लॅब, एएफपी किती, युनिट काय, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढतंय ते) किती, सोनोग्राफीत काय लिहिलंय, बस. युनिट कशाला म्हणाल तर मागं एकदा बेळगावात ९.५ आलेलं, नंतर काका कोल्हापूरला पोरीकडं गेलेले तिथं केलं तर ११.५, काकूंनी जेवणच सोडलं. रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतोय तर एकावर आययू आणि दुसऱ्यावर नॅनोग्रॅम! १ आययू म्हणजे साधारण १.२१ नॅनोग्रॅम, गुणून बघा, तेच येतंय की. तेव्हापासनं लॅब एकच ठेवलीय.

आता आकडा कसा वाचायचा. बऱ्याच लॅबमधे १० नॅनोग्रॅमच्या आत नॉर्मल धरतात, २० च्या वर गेला की डॉक्टर पुढचं स्कॅन सांगतात, आणि सिरोसिसवाल्याचा ४०० च्या वर असंल तर कॅन्सरचा संशय चांगलाच बळावतो. पण व्हायरस जोरात असला, एसजीपीटी वर गेलेलं असलं, तरी एएफपी वाढतंय, कारण मेलेल्या पेशींच्या जागी लिव्हर नवीन पेशी करत असतंय. म्हणून एसजीपीटीचा रकाना शेजारीच ठेवायचा. एसजीपीटी खाली आलं तरी एएफपी दर खेपेला चढतच चाललंय, तर मात्र थांबू नका.

आणि उलटी चूक जास्त वाईट. लिव्हर कॅन्सर असून एएफपी नॉर्मल असणारे पेशंट भरपूर असतात, गाठ लहान असताना तर जास्तच. रक्त नॉर्मल आलं की लोक सोनोग्राफीचे पैसे वाचवतात, हे मला अजिबात पटत नाही, वाचवायचेच असतील तर दुसरीकडं वाचवा. कधी कधी डॉक्टर पिव्हका पण सांगतात, तो लिव्हर कॅन्सरचा दुसरा मार्कर, म्हणजे रक्तातली खूण, फक्त रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असंल तर आधी सांगा, त्यानं तो उगाच वाढतोय.

गाठ दिसलीच तर ट्रिपल फेज सीटी (डाय देऊन टप्प्याटप्प्यानं काढतात तो स्कॅन) नाहीतर एमआरआय. सिरोसिसवाल्याची गाठ डाय दिल्यावर आधी चमकली आणि नंतर आजूबाजूपेक्षा काळपट पडली तर बऱ्याचदा बायोप्सी न करताच निदान होतंय.

पेशंटचं पुढं काय, हे नुसत्या मार्करवर ठरत नाही. गाठी किती, केवढ्या, पोर्टल व्हेनमधे (लिव्हरला रक्त नेणारी मोठी शीर) शिरल्यात काय, लिव्हर किती काम करतंय ते सांगणारं बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन कसं आहे, हे सगळं बघतात. पण ट्रीटमेंटच्या आधी एएफपी खूप जास्त असलं तर कॅन्सर परत यायची भीती जास्त, हे खरं. ऑपरेशन पूर्ण झालं असंल तर ते उतरतंय, साधारण ५-७ दिवसात निम्मं, परत निम्मं, असं, त्यामुळं आठवड्यात नॉर्मल का नाही म्हणून डॉक्टरांच्या डोक्याला ताप देऊ नका. उतरून परत चढायला लागलं तर लगेच दाखवा. ज्यांचं सुरुवातीलाच नॉर्मल होतं त्यांना मात्र पुढं एएफपीचा आधार कमी, स्कॅनवरच भर.

गोळ्या. बी साठी टेनोफोविर नाहीतर एन्टेकॅव्हिर, मनानं बंद करायची नाही. शेजारचे कावीळ उतरवून घ्या म्हणतील, पण जुन्या बी मधे डोळे पिवळे व्हायलाच पाहिजेत असं काही नाही, मग उतरवणार काय? सी तर बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी जातोय, पण सिरोसिस झालेलं असंल तर सी गेल्यावर पण सहा महिन्याची तपासणी सुटत नाही. २०१८ ला सुरू झालेल्या सरकारी हेपॅटायटिस कार्यक्रमात बी आणि सी च्या टेस्ट आणि गोळ्या फुकट आहेत, जिल्हा दवाखान्यात विचारा.

सोनोग्राफीला उपाशीपोटी जायचं असतंय, म्हणून सकाळचाच नंबर घ्या. आमचे काका पहिल्या बसनं येतात, जेल पुसून बाहेर आले की आधी चहा मागतात, रिपोर्टचं नंतर विचारतात.