रसायनाच्या इतिहासासाठी फिलाडेल्फियाची फेलोशिप: अर्ज कसा बांधायचा

फिलाडेल्फियातल्या चेस्टनट स्ट्रीटवरची सायन्स हिस्टरी इन्स्टिट्यूट (२०१८ पर्यंत केमिकल हेरिटेज फाउंडेशन) रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांना फेलोशिप देते. काही अल्प मुदतीच्या असतात, तर काही प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी आणि पीएच.डी. झालेल्यांसाठी दीर्घ मुदतीच्या. शेवटची तारीख आणि रक्कम त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच घ्या. मित्राने पाठवलेल्या गेल्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नका.

विषय कितीही मोलाचा असला तरी समितीचा खरा प्रश्न एकच असतो: हे काम इथेच येऊन का करायचं? म्हणून अर्ज उघडण्याआधी संस्थेच्या ऑथमर ग्रंथालयाची सूची उघडा. तिथे रॉय नेव्हिल यांचा सुमारे ६,००० जुन्या ग्रंथांचा संग्रह आहे, किमयेची (साध्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या विद्येची) हस्तलिखितं आहेत, रसायनशास्त्रज्ञांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती आहेत, कापडाचे रंग बनवणाऱ्या कंपन्यांच्या नमुना-वह्या आहेत. ‘प्रफुल्लचंद्र राय यांचं योगदान’ (प्राचीन भारतीय रसायनाचा इतिहास लिहिणारे बंगाली रसायनशास्त्रज्ञ) हा विषय उत्तम, पण इथे तो टिकणार नाही. रसशास्त्राच्या पोथ्या वाचायच्या तर पुण्यात भांडारकर संस्था आहे, त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नाही. उलट १८६८मध्ये प्रयोगशाळेत तयार झालेलं ॲलिझरिन (मंजिष्ठेच्या मुळातला लाल रंग) आणि १८९७मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने बाजारात आणलेली कृत्रिम नीळ मुंबईत कशी खपली, या प्रश्नाला नमुना-वह्या थेट लागतात. त्यातला मुंबईचा भाग राज्य पुराभिलेखागारात आधी पाहून झाला असेल, तर ते ठळक लिहा. अर्ध काम हाती असलेला अर्जदार समितीला भरवशाचा वाटतो.

आता दिवसांचा हिशोब. पत्रव्यवहाराच्या एका खोक्याला दोन दिवस धरा, फोटो काढत नमुना-वही पाहायला अर्धा दिवस, दुर्मिळ ग्रंथाला एक दिवस. महिन्यात कामाचे वीस दिवस मिळतात, पण हिशोबात पंधराच घ्या. उरलेले ओळखपत्र, बँक आणि चुकीची मागवलेली खोकी खातात. बारा खोकी आणि आठ वह्या म्हणजे अठ्ठावीस दिवस, म्हणजेच दोन महिने. तेवढेच मागा. चार महिने मागून खोकी सहा दाखवली की शंका येते.

प्रस्तावात पहिल्या परिच्छेदात प्रश्न, दुसऱ्यात सूची-क्रमांकांसह साधनं, मग आठवडेवार आराखडा, शेवटी त्यातून निघणारं प्रकरण किंवा लेख. प्राचीन रसाचार्य नागार्जुनापासून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएपर्यंतचा इतिहास पहिल्या पानावर सांगत बसू नका. आपल्याकडचे बरेच प्रस्ताव तिथेच संपतात. रासायनिक अभिक्रिया दोन ओळींत आटपा, कारण वाचणाऱ्यांत इतिहासकारही असतात.

शिफारसपत्राचं घोडं नेहमी अडतं. ‘विद्यार्थी कष्टाळू व सुस्वभावी आहे’ असं पत्र काही कामाचं नाही. सरांना किंवा मॅडमना चार आठवडे आधी प्रस्तावाचा मसुदा, तुमचं एक प्रकरण आणि पत्रात कोणत्या मुद्द्यावर बोलावं याच्या तीन ओळी द्या. मुदतीच्या आठ दिवस आधी नम्रपणे आठवण करा.

निवड झाल्यावर बहुधा जे-१ (विनिमय-अभ्यागतांचा) व्हिसा लागतो. त्यासाठीचा डीएस-२०१९ हा पात्रतेचा कागद हातात आल्यावर २२० डॉलर सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थी व अभ्यागतांच्या अमेरिकी सरकारी नोंदणीचं) भरा आणि मगच मुलाखतीला जा. कागदावरचा प्रवर्ग नीट वाचा. ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ला कमाल सहा महिने मिळतात आणि ते वाढत नाहीत. ‘रिसर्च स्कॉलर’चा कार्यक्रम संपला की त्याच प्रवर्गात परतायला २४ महिने थांबावं लागतं, मुक्काम तीनच महिन्यांचा असला तरी. दोन महिन्यांच्या कामासाठी हा प्रवर्ग पडला असेल, तर सही करण्याआधी विचारा. आरोग्यविम्यात प्रत्येक आजार वा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण हवं. भारतातल्या स्वस्त प्रवास-विम्यात ते पुष्कळदा निम्मंच असतं.

पैशांचं गणित करताना मानधनातून १४ टक्के कर कापला जाऊ शकतो हे धरा. पहिला हप्ता तिथलं बँक खातं उघडल्यावरच पडण्याची शक्यता जास्त, आणि घरमालक भाड्याबरोबर अनामतही आगाऊ मागतो. तेव्हा दीड-दोन महिन्यांचा खर्च घरूनच घेऊन निघा.