नवी एमटीबी (माउंटन बाइक) घेतलीत? हवेच्या या चुका टाळा

नवी सायकल घरी आली की मेसेज ठरलेला: "दादा, किती हवा ठेवू? फक्त आकडा सांग." मी उलट वजन विचारतो, टायरची रुंदी विचारतो, ट्यूब आहे की ट्यूबलेस ते विचारतो. तेवढ्यातच निम्मी मंडळी गायब होतात.

टायर दगडासारखा टाइट भरणे

टायरच्या कडेला "कमाल ६५ पीएसआय" (हवेच्या दाबाचं एकक) छापलेलं असतं. ते वाचून पंक्चरवाल्याला "फुल मारा" सांगणारे माझ्या डोक्यात जातात. बोलायचा हक्क आहे मला, कारण मीही तेच केलंय. पहिली हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) घेतली आणि दुसऱ्याच दिवशी पुण्यातली वेताळ टेकडी गाठली. डांबरावर सायकल अशी पळत होती की मी खूश. उतरताना एका वळणावर सुका मुरूम आणि वर बारीक खडी. सांडलेल्या ज्वारीवर पाय पडावा तसं पुढचं चाक सटकलं. उजव्या अंगावर आपटलो, कोपर सोललं, डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर वाकला. मी मुरुमाला शिव्या घालत होतो. मागून आलेल्या एका काकांनी माझ्या टायरला अंगठा लावला आणि म्हणाले, "क्रिकेटचा बॉल बसवलायस का रे?" तिथेच व्हॉल्व्ह दाबून त्यांनी बरीच हवा सोडली. उरलेला उतार मी जणू दुसऱ्याच सायकलवरून उतरलो.

टाइट टायर प्रत्येक दगडावरून उडतो, मऊ टायर दगडाला धरून बसतो. माझं वजन ७२ किलो, टायर २.२५ इंची, आत ट्यूब: पुढे २६ पीएसआय, मागे २९. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे हवा जास्त. ट्यूबलेस असेल तर यातून तीन-चार कमी. हा माझा आकडा आहे, तुमचा नाही. एकच उतार पकडा आणि दर फेरीला २ पीएसआय कमी करत जा. दगडावर रिम ठण्णकन वाजली की २ वाढवा आणि थांबा. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडली तर हवा कमी होती; एकच असेल तर बाभळीच्या काट्याला दोष द्या.

आणि हो, अंगठ्याने दाबून अंदाज नको. काकांचा अंगठा पंचवीस वर्षं मुरलेला होता, तुमचा दोन आठवड्यांचा आहे. १६० पर्यंत आकडे असलेल्या पंपाच्या डायलवर २५ आणि २९ मधला फरक काट्याच्या जाडीतच जातो. वेगळा डिजिटल गेज घ्या.

सॅग न मोजता फोर्कला नावं ठेवणे

फोर्क म्हणजे पुढचं चाक धरून धक्के झेलणारा भाग, आणि सॅग म्हणजे नुसत्या तुमच्या वजनाने तो किती दबतो ते. आमच्या ग्रुपमधली ५८ किलोची एक मुलगी फोर्क बदलायलाच निघाली होती: "हात बधिर होतात, माल खराब आहे." फोर्क १०० मिमी दबणारा, पण त्याच्या नळीवरची ओ-रिंग (फोर्क किती दबला ते दाखवणारं रबरी कडं) ४० मिमीच्या वर कधी सरकलीच नव्हती. दुकानात कुणीतरी अंदाजपंचे हवा ठासली होती. हवा कमी केली, फोर्क चालू झाला. फोर्कची चूक शून्य.

माझी पद्धत अशी: हेल्मेट, बूट, भरलेली पाण्याची बॅग, सगळं अंगावर. भिंतीला कोपर टेकवून पेडलवर उभं राहायचं, कुणाला तरी ओ-रिंग खाली सरकवायला सांगायचं आणि हळूच उतरायचं. १०० मिमीच्या फोर्कला साधारण २० मिमी सॅग आला की बास. दर वेळी हवा बदलल्यावर फोर्क दहा वेळा दाबायचा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा सारखी होते. शॉक पंप (फोर्कमध्ये हवा भरायचा पंप) काढताना फुस्स होते ती नळीतली हवा. पुन्हा लावल्यावर काटा खाली दिसतो, कारण नळी भरायला थोडी हवा जाते. "फोर्क गळतोय" म्हणून फोन करू नका.

बाकीच्या

फोर्कला टायरचा पंप लावणे: नाही म्हणजे नाही.

कॉइल (स्प्रिंगवाल्या) फोर्कची प्रीलोडची (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) चकती फिरवून स्प्रिंग कडक होत नाही. वजन जास्त असेल तर स्प्रिंगच बदला.

सॅग, रिबाउंड (दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग) आणि टायर एकाच दिवशी बदलणे. मग नक्की कशाने फरक पडला ते देवाला ठाऊक. रिबाउंडचा नॉब पूर्ण बंद करून क्लिक मोजत उघडा आणि आकडा लिहून ठेवा. माझे सगळे आकडे सायकलच्या वरच्या दांडीखाली मास्किंग टेपवर आहेत.

उन्हात तापलेल्या टायरची हवा मोजणे. सावलीत घ्या, अर्धा तास थांबा.

चढावर लावलेला लॉकआउट (फोर्क दबू न देणारी कळ) उतारावर तसाच ठेवणे. हे मी गेल्या रविवारीच केलं.