बटणांचा बिझनेस फोन घेताय? कोकणात या चुका टाळा

बटणांचा फोन, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा खरा कीबोर्ड असलेला स्मार्टफोन, म्हटलं की अजून पहिलं नाव ब्लॅकबेरीचंच येतं, आणि पहिली चूक तिथेच होते. ब्लॅकबेरी ओएस आणि बीबी १० वर चालणाऱ्या फोनची सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ ला बंद केली. बोल्ड, क्यू १०, पासपोर्ट, क्लासिक हे सगळे त्यात आले. कॉल आणि एसएमएसचीसुद्धा हमी उरली नाही. अँड्रॉइडवरचे कीवन (२०१७) आणि कीटू (२०१८) त्यातून वाचले, म्हणून ते ‘सीलबंद, नवाकोरा’ असं सांगून अजून विकले जातात. सील खरं असेलही. पण आतली बॅटरी वर्षानुवर्षं पडून राहिलेली असते, आणि कीटू अँड्रॉइड ८.१ च्या पुढे गेलाच नाही. क्रोम ब्राउझरला आवृत्ती १३९ पासून किमान अँड्रॉइड १० लागतं. बँकांची ॲप त्याच वाटेने जातात. हौसेला घ्या, धंद्याला नको.

नवा म्हणून घ्यायचा तर युनिहर्ट्झचा टायटन २ (२०२५, अँड्रॉइड १५, साडेचार इंची चौकोनी स्क्रीन) किंवा त्याच जातीचं एखादं मॉडेल. हे बहुधा बाहेरून मागवावे लागतात. वेबसाइटवरची किंमत शेवटची धरू नका. कस्टम्स ड्युटी, आयजीएसटी (आयात मालावर लागणारा जीएसटी) आणि कुरिअरचा खर्च वर येतो. वॉरंटीचा फोन दुरुस्तीला कुठे पाठवायचा आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. कव्हर आणि स्क्रीनगार्ड रत्नागिरी-चिपळूणच्या दुकानात मिळणार नाहीत, फोनसोबतच दोन-दोन मागवा.

सेकंडहँड घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून १५ आकडी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला फोन असेल तर तिथेच कळतं.

बटणं बघितली, बँड बघितले नाहीत

कोकणात सगळ्यात महागात पडते ती ही चूक. बँड म्हणजे फोन ज्या फ्रिक्वेन्सीवर टॉवरशी बोलतो तो पट्टा. डोंगराआडच्या वाडीत किंवा खाडीच्या पलीकडे रेंज टिकते ती कमी फ्रिक्वेन्सीच्या बँडवर, कारण त्या लहरी लांब जातात आणि आडोशामागेही थोड्याफार पोचतात. जिओचं फोरजी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. त्यातला ५ (८५० मेगाहर्ट्झ) आपल्या कामाचा. एअरटेलसाठी बँड ८ (९०० मेगाहर्ट्झ) बघा, बीएसएनएलच्या फोरजीसाठी बँड २८ (७०० मेगाहर्ट्झ). एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या देशांतल्या आवृत्त्यांमध्ये बँड वेगळे असू शकतात, म्हणून नेमक्या मॉडेल नंबरची यादी तपासा. फाइव्हजी हवं असेल तर एन ७८ आणि एन २८ हे बँड शोधा. जिओचं फाइव्हजी स्टँडअलोन (एसए) आहे, म्हणजे फोरजीच्या आधाराशिवाय चालतं, त्यामुळे फोनमध्ये ‘एसए’ची सोय लागते. नुसतं ‘फाइव्हजी’ छापलेलं बघून समाधान मानू नका.

दुसरा सापळा व्होल्टीईचा, म्हणजे फोरजीवरून साधे कॉल करण्याच्या सोयीचा. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच. फोनमध्ये व्होल्टीई चालू झालं नाही तर इंटरनेट धो धो चालेल, पण साधा कॉल लागणार नाही. सिम घालून *#*#४६३६#*#* दाबा, फोन इन्फर्मेशनमध्ये आयएमएस स्टेटस उघडा. तिथे ‘रजिस्टर्ड’ दिसलं पाहिजे. नसेल तर सेटिंगमध्ये सिमखाली व्होल्टीई चालू करा, फोन बंद करून पुन्हा लावा, सिमची जागा बदलून बघा. तरी नाही झालं तर कंपनीने त्या फोनमध्ये आपल्या ऑपरेटरची व्यवस्था केलेली नाही असं समजा आणि परत करायची मुदत संपायच्या आत पाठवून द्या. ही तपासणी शहरातल्या टॉवरखाली उभं राहून करण्यात अर्थ नाही. बागेत, बंदरावर, जिथे रोजचे कॉल घेता तिथे करा.

लिलावाच्या सकाळी फोन बदलणं

फोन बदलला की यूपीआय नव्याने जोडावं लागतं: बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये, त्या सिममध्ये एसएमएसपुरता बॅलन्स. त्यानंतर साधारण पहिले २४ तास व्यवहारावर ५,००० रुपयांची मर्यादा असते. हापूसच्या पेट्यांचे किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मासळीच्या लिलावाचे पैसे त्याच दिवशी द्यायचे असतील तर अडकाल. हंगामाच्या आधी, मोकळ्या दिवशी बदला, आणि जुन्या फोनमधला डेटा आठवडाभर पुसू नका.

चौकोनी स्क्रीनवर काही ॲपची खालची बटणं कापली जातात. डिस्प्ले साइज आणि अक्षरांचा आकार एक पायरी कमी केला की बहुतेक वेळा ती दिसतात. यूपीआयचा पिन स्क्रीनवरच्या आकड्यांनीच टाकायचा असतो, तिथे बटणं चालली नाहीत म्हणून फोन बिघडला असं समजू नका. इतर ठिकाणी आकड्यांसाठी आल्ट धरावं लागतं. बहुतेक मॉडेलांत ते दोनदा दाबलं की लॉक होतं. जीएसटी नंबर भरताना हे फार उपयोगी.

मराठीचं काय?

इथे विक्रेते गप्प असतात. बटणांवर इंग्रजीची २६ अक्षरं आणि चार-दोन खुणा, बस. इन्स्क्रिप्ट (मराठी अक्षरांची कीबोर्डवरची ठरलेली मांडणी) लावलं तर क, त, प, र मिळतील, शिफ्ट आणि ‘एन’वर ळही मिळेल. पण इन्स्क्रिप्टमध्ये च, ट, ड आणि य ही अक्षरं अर्धविराम, अवतरण, चौकोनी कंस आणि तिरप्या रेघेच्या बटणांवर असतात, आणि ती बटणं अशा फोनवर नसतात. ‘चार डझन’ लिहायला घेतलं की पहिल्याच अक्षराला अडलात.

उपाय एकच: सेटिंग, सिस्टम, कीबोर्ड, फिजिकल कीबोर्ड या वाटेने जाऊन ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड दाखवा’ हा पर्याय चालू करा. मराठी जीबोर्डवर (गूगलचा स्क्रीनवरचा कीबोर्ड) किंवा बोलून लिहा, इंग्रजी मेल आणि आकडे बटणांवर. ज्यांचा सगळा धंदा मराठी व्हॉट्सॲपवर चालतो त्यांनी हा फोन घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. परदेशी पाहुण्यांचे मेल सांभाळणारा मालवण-तारकर्लीचा होमस्टेवाला किंवा निर्यातीची कागदपत्रं करणारा, यांनी जरूर विचार करावा.

खारी हवा

साध्या फोनला दोन-तीन भोकं असतात. बटणांच्या फोनला प्रत्येक बटणाभोवती फट. प्रत्येक बटणाखाली धातूची छोटी वाटी असते, ती दबून खालच्या पट्टीला टेकते तेव्हा अक्षर उमटतं. समुद्रावरच्या वाऱ्यातलं मीठ त्या फटीतून आत बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती वरच असते. म्हणजे फोन भिजला नाही तरी आत खारं पाणी तयार होतं आणि पट्टी गंजते.

किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्यात ओलं करून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने. बटणांमधली वाळू मऊ ब्रशने फोन पालथा धरून काढा; फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आत जाते. आंब्याच्या चिकाचे हात लावायचे टाळाच. रात्री सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आयपी ६७ हे धूळ-पाण्यापासूनच्या बचावाचं रेटिंग लिहिलेलं असलं तरी त्यातली पाण्याची चाचणी एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास अशी असते, खाऱ्या पाण्याचा त्यात विचार नाही. कीवन-कीटूला तेवढंही रेटिंग नव्हतं.

बटणं बिघडली तर आधी कोणती बिघडली ते कागदावर लिहा. एकच अक्षर अडतंय किंवा दोनदा उमटतंय तर त्या बटणाखाली घाण किंवा गंज. एकाच ओळीतली किंवा उभ्या रांगेतली बरीच एकदम गेली तर जोडणारी फ्लेक्स पट्टी संशयित, कारण बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत जोडलेली असतात. सगळीच गेली तर फोन सेफ मोडमध्ये लावा, म्हणजे आपण टाकलेली ॲप बंद ठेवून. तिथे चालली तर दोष एखाद्या ॲपचा. ही यादी दुरुस्तीवाल्याला दिली की तो उगाच सगळा कीबोर्ड बदला म्हणणार नाही.

समुद्राच्या पाण्यात पडलाच तर लगेच बंद करा, बटणं दाबून बघू नका, चार्जरला लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवून पाणी सुकेल, मीठ आतच राहील. त्याच दिवशी फोन उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुऊन देणारा कारागीर गाठा, आणि पाणी खारं होतं हे त्याला आधी सांगा.