केराटिन-स्मूदनिंगचं काम शिकणाऱ्या मुलींसाठी

कोल्हापुरात पाऊस लागला की पार्लरचा फोन थांबत नाही. दमट हवेनं केस फुगतात आणि कॉलेजच्या पोरींपासून काकूंपर्यंत सगळ्यांना सरळ केस हवे असतात. शिकायला येणाऱ्या मुलींचं लक्ष मात्र केस सरळ करायचं तापतं मशीन कसं फिरवायचं याच्यावरच असतं. मला विचाराल तर काम बिघडतं ते मशीन तापायच्या आधीच, विचारपूस नीट न केल्यानं.

आधी फरक समजून घ्या, कारण क्लायंट सगळ्यालाच 'स्ट्रेटनिंग' म्हणतात. रिबॉन्डिंगच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा थायोग्लायकोलेट असतं. ते केसातले डायसल्फाइड बंध, म्हणजे केसाला त्याचं वळण देणारे जोड, तोडतं. मग केस मशीननं सरळ करायचे आणि न्यूट्रलायझरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडनं ते बंध पुन्हा जोडायचे. तो केस सरळच राहतो, मुळाशी मात्र महिन्याला साधारण सेंटिमीटरभर जुन्याच वळणाचा केस येत राहतो. केराटिन त्यामानानं तात्पुरतं. औषध उष्णतेनं केसावर पक्कं होतं आणि धुण्याधुण्यात तीन ते पाच महिन्यांत उतरतं.

आता विचारपूस. "मेहंदी लावता काय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "छे, कधीच नाही." तिथं थांबू नका.

"मग पांढऱ्या केसांना काय लावता, काकू?"

"ते काळं पाकीट मिळतंय की, महिन्यातनं एकदा लावतो."

झालं! काळ्या मेहंदीच्या अशा काही पाकिटांत धातूचे क्षार असतात. त्यांना पेरॉक्साइड लागलं की केस तापतो आणि तुटूही शकतो. म्हणून मानेजवळची एक बारीक बट घेऊन टेस्ट करायचीच, कितीही गर्दी असो. शिवाय एक ओला केस दोन बोटांत धरून हळू ताणा. चांगला केस थोडा लांबतो आणि सोडला की परत येतो. ब्लीचनं मेलेला केस च्युइंगगमसारखा लांबत जातो आणि तुटतो. अशा केसाला रिबॉन्डिंग करायचं नाही, बाईंनी दुप्पट पैसे देऊ केले तरी नाही. टाळूला जखम असेल किंवा बाई गरोदर असेल तरीही नाहीच म्हणायचं.

केराटिनचं प्रत्यक्ष काम सांगायला सोपं आहे. क्लॅरिफायिंग शॅम्पूनं तेल पूर्ण काढा (आपल्याकडं तेल चोपडून येणाऱ्या फार, एका धुण्यात निघत नाही), वाळवा, टाळू सोडून औषध लावा, बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ ठेवा, मग मशीन. सेक्शन इतका पातळ घ्या की पलीकडचा कंगवा दिसला पाहिजे. जाड, निरोगी केसाला बऱ्याच कंपन्या 210 ते 230 अंश सेल्सिअस सांगतात. बारीक किंवा रंगवलेल्या केसाला तेवढं तापमान लावलं तर टोकं जळतात.

आणि धूर. याच्याबद्दल कुठल्याच क्लासात पुरेसं सांगत नाहीत म्हणून मी जरा लांबवते. केराटिनच्या बऱ्याच औषधांतून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. बाटलीवर 'फॉर्मल्डिहाइड फ्री' लिहिलेलं असलं तरी मागं बारीक अक्षरांत मिथिलीन ग्लायकॉल आहे का बघा, तापलं की त्याच्यातनंही तेच निघतं. ग्लायऑक्सिलिक ॲसिडवालं औषध निर्धोक म्हणून खपतं, पण ते लावल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. क्लायंट वर्षातनं दोनदा येते, तुम्ही मात्र त्याच धुरात रोज उभ्या असता. दार लावून एसी चालू केला की तीच हवा खोलीत फिरत राहते. खिडकी उघडा, एक्झॉस्ट चालू ठेवा. साधा मास्क वायू अडवत नाही. काम लागताना मालकिणीला पगाराआधी एक्झॉस्टचं विचारा. डोळे चुरचुरत असतील तर "सवय होईल" या बोलण्यावर जाऊ नका.

लग्नाच्या क्लायंटला दोन आठवडे आधीची तारीख द्या. हळदीच्या आदल्या दिवशी केलं आणि 'तीन दिवस केस धुऊ नका' असं औषधावर लिहिलेलं निघालं, तर घरचे तुम्हालाच धरतील. सल्फेट नसलेला शॅम्पू सांगा. उपनगरात बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं धुणं नळाच्या पाण्यानं करायला सांगा. दर लांबी बघून, खुर्चीत बसवायच्या आधी सांगायचा.