सांबा शिकायचंय? मग शेअर राहू द्या, आधी लॉगिन शिका

कुपवाड एमआयडीसीत कारखान्यांची सिस्टमची कामं करतो, त्यामुळं नवीन पोरं विचारत असतात, दादा सांबा (लिनक्स मशीनला विंडोजच्या पीसींशी फाईली आणि लॉगिनसाठी जोडणारं सॉफ्टवेअर) शिकायचं तर सुरुवात कुठनं करू. बऱ्याच जणांनी कॉन्फिग फाईलीत चार ओळी टाकून एक फोल्डर शेअर केलेला असतो आणि वाटतं, आलं सांबा. अरे ते तासाभराचं काम आहे, पगार मिळतो तो लॉगिनचा! ड्रॉइंगच्या सर्व्हरवर वेगळा पासवर्ड, स्टोअरच्या पीसीवर वेगळा, माणूस नोकरी सोडून गेला की सगळीकडं फिरून त्याचं नाव काढायचं आणि एक जागा हमखास राहतेच.

हे एका जागी आणायचं म्हणून तर सांबा लिहिणाऱ्यांनी सांबा ४ चा घाट घातला. ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे सगळी लॉगिनं एका जागी सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सिस्टम. तिच्यात एलडॅप (युजरांची यादी विचारायची पद्धत), कर्बेरॉस (तिकीट देऊन ओळख पटवणारी पद्धत) आणि डीएनएस (नावावरनं मशीनचा पत्ता शोधणारी सेवा) एकमेकांत इतके गुंतलेत की जुन्या कोडला ठिगळ लावून भागणार नव्हतं, नव्यानंच लिहावं लागलं. २००६ ला प्रीव्ह्यू आला, ४.० यायला डिसेंबर २०१२ उजाडला. मधे २००७ ला, मायक्रोसॉफ्टवरच्या युरोपातल्या खटल्यानंतर, दहा हजार युरो भरून मायक्रोसॉफ्टकडनं प्रोटोकॉलचे, म्हणजे मशीनांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांचे, कागद मिळाले. आणि गंमत बघा, फाईल सर्व्हरपण नवा लिहिला होता, पण ४.० मध्ये डिफॉल्ट ठेवला तो जुना घासूनपुसून तयार झालेला फाईल सर्व्हर, एसएमबीडीच. मला तरी हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

आता प्रॅक्टिस. लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन घ्या, एकावर सांबा-टूलनं डोमेन (एकाच लॉगिनखाली येणाऱ्या मशीनांचा गट) उभं करा, दुसरं विनबाइंडनं (डोमेनचे युजर लिनक्सला ओळखवणारा सांबाचा भाग) त्याला जोडा आणि शेअर या दुसऱ्यावरच ठेवा, पहिल्यावर, म्हणजे डोमेन कंट्रोलरवर, नको. डोमेनच्या नावाला शेवटी डॉट लोकल लावू नका, पुढं डीएनएसमध्ये डोकं उठतं. मग केइनिट ही कमांड मारून कर्बेरॉसचं तिकीट घ्या, केलिस्ट या कमांडनं ते बघा. इथं घाई करू नका, तिकीट कुठनं येतं, किती वेळ टिकतं हे कळलं की निम्मा विषय संपला.

प्रत्यक्षात काय होतं सांगतो. जुन्या लिनक्स मशीनचा बोर्डावरचा सेल गेलेला असतो, लाईट जाऊन आली की तारीख मागं, आणि कर्बेरॉस पाच मिनिटांच्या वर फरक चालवून घेत नाही. युजर म्हणतो पासवर्ड बरोबरच टाकतोय, आणि तो खरंच बरोबर असतो! म्हणून पहिलं घड्याळ बघायचं. तसंच आयपी टाकून शेअर उघडतोय पण नावानं नाही, असं झालं तर परमिशनमध्ये हात घालू नका, आयपीनं गेलं की सहसा कर्बेरॉस बाजूला पडून एनटीएलएम ही जुनी, तिकिटाशिवायची लॉगिन पद्धत चालते, म्हणजे दुखणं डीएनएसचं नाहीतर तिकिटाचं.

एक राहिलं, सीएनसीला (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनला) जोडलेले विंडोज एक्सपीवाले पीसी. त्यांना एसएमबी १, म्हणजे फाईल शेअर करायच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्तीच लागते आणि सांबानं ते ४.११ पासून डिफॉल्ट बंद केलंय. मालक म्हणेल करा चालू, पण अख्ख्या सर्व्हरवर करू नका, त्या मशीनांपुरता वेगळा छोटा सर्व्हर वेगळ्या नेटवर्कवर द्या.