कॅमेरा रात्रभर टिंगटिंग करतोय? आधी जाळं झाडा

दाराबाहेरच्या कॅमेऱ्याची नोटिफिकेशन्स रात्रीच जास्त येत असतील, तर सेटिंगमध्ये शिरण्याआधी लेन्सभोवती हात फिरवा. तिथे बऱ्याचदा कोळ्याचं जाळं सापडतं. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की लेन्ससमोर हलणारा बारीकसा धागाही पांढराफटक चमकतो. साधे कॅमेरे फक्त चित्रात काय बदललं एवढंच पाहतात. त्यांना धागा काय नि चोर काय, सारखेच. पावसाचे थेंब आणि चिलटंही हाच गोंधळ घालतात. म्हणून व्हरांड्यातला बल्ब कॅमेऱ्यापासून जरा लांब लावा, किडे तिकडे जातील.

मग ॲपमध्ये ‘ॲक्टिव्हिटी झोन’, म्हणजे चित्राच्या ज्या भागातल्या हालचालीवरच अलर्ट यावा तो भाग, आखा. फाटक आणि दार आत ठेवा. रस्ता, जास्वंदीची फांदी, कपड्यांची दोरी बाहेर. ‘ह्यूमन डिटेक्शन’ (माणूस ओळखायची सोय) असेल तर सुरू करा, कुत्र्या-मांजरांचे अलर्ट बरेच घटतील. सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे किती बारीक हालचाल टिपायची त्या सेटिंगला, मात्र सगळ्यात शेवटी हात लावा. लोक आधी तीच कमी करतात आणि मग खरा माणूस आला तरी फोन गप्प! एकेक पायरी उतरवा आणि दर वेळी अंधारात स्वतः फाटकातून आत चालत येऊन अलर्ट येतोय ना, बघा.