लिनक्ससाठी स्वस्तात पीसी जुळवताना

इंदूरला रामबागेतल्या घरी भाचीसाठी लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) पीसी जुळवला. सगळं नीट चाललं, फक्त वाय-फायचा डोंगल (यूएसबीत खुपसायचा छोटा तुकडा) चालेना. दुकानदार म्हणाला, "भैया, विंडोज डाल लो." त्या डोंगलच्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) नव्हता, एवढंच कारण. म्हणून आर.एन.टी. मार्गावर सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर दुकानांत जायच्या आधी घरीच यादी करा आणि प्रत्येक वस्तूच्या मॉडेल नंबरसोबत 'लिनक्स' शब्द टाकून शोधून बघा.

सुरुवात प्रोसेसरपासून. ग्राफिक्स आतच असलेला घ्या, म्हणजे वेगळं कार्ड लागत नाही. एएमडीचा रायझन ५ ५६००जी मला अजूनही पटतो: सहा कोअर, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर कर्नलमध्येच. नाव मात्र नीट वाचा. रायझन ५ ५५०० मध्ये ग्राफिक्स नाही, इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असलेल्यांतही नाही. मदरबोर्ड एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती खाच), त्यात ए५२० पुरतो. जुना बी४५० बोर्ड मिळत असेल तर बायोस (बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्राम) अपडेट केलंय का, ते आधी विचारा, नाहीतर हा प्रोसेसर चालणार नाही.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या. आतलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं. एकच पट्टी लावली की त्याचा रॅमकडे जायचा रस्ता अर्धा होतो आणि गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगमध्ये ते लगेच जाणवतं. दुकानदार "बाद में दूसरी डाल लेना" म्हणेल, ऐकू नका.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान), जेन ३ म्हणजे तिसऱ्या पिढीची. हा प्रोसेसर जेन ४ चा वेग देतच नाही, मग जादा पैसे कशाला? ते एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, घाला. कॅबिनेटसोबत फुकट येणारा नको, ४५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) घ्या. वाय-फायला इंटेल एएक्स२१० चं कार्ड, नाहीतर सरळ लॅन केबल.

प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. लिव्हर वर असेल तर तो अलगद आत पडतो. दाबायचा अजिबात नाही, पिना वाकतात.

दुकानातच जुळवून घेत असाल तर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) टाकलेला पेनड्राइव्ह घेऊन जा. इन्स्टॉल न करता तो चालतो. वाय-फाय जोडा, आवाज ऐका, मशीन झोपवून पुन्हा जागं करा. मग सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागा.